बबनचे चार माग

मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. बबन खुर्चीवर बसला, मी उभा राहिलो. डॉक्टरांनी दोन कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं की दोघांच्याही रक्तात एचआयव्ही आहे. बबनने विचारलं, "आता?" डॉक्टर म्हणाले, "हाताचं ड्रेसिंग रोज करायचं." आम्ही बाहेर आलो.

साल १९९४. बबन कामतघरचा, नारपोलीतल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवायचा. मी सुधीर, भिवंडीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं द्यायचो-घ्यायचो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो नववीत थांबला, मी बी.ए. झालो, आणि तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायचा, जरी मी कधीच कोणाला काही शिकवलं नव्हतं. एक गोष्ट सोडून. ती पुढे सांगतो.

सुई

सरळ लिहितो. आडून लिहिलेलं वाचून मला स्वतःला कधी उपयोग झाला नाही.

सुरुवात गर्दने झाली, ऐंशीच्या दशकात, पन्नीवर ओढून. नंतर इंजेक्शन आलं. लोक धरून चालतात की बबनने मला बिघडवलं, कारण तो मागावरचा आणि मी पुस्तकातला. खरं उलट आहे. पहिली सुई मी आणली. बबनच्या दंडाला पहिल्यांदा रुमाल मी बांधला.

आम्ही चार-पाच जण एका बंद गोदामात बसायचो. सिरिंज एक. आपापली आणणं हा अपमान समजला जाई. एकाने एकदा स्वतःची आणली तर त्याला सगळ्यांनी धारेवर धरलं, "का रे, आम्ही काय महारोगी आहोत?" एका ताटात जेवतात ती आपली माणसं, तशी एका सुईची माणसं आपली, अशी आमची समजूत. आणि मी तर स्वच्छतेचा भोक्ता! प्रत्येकाचं झालं की सुई पाण्यात धुवायचो. तांब्या एकच, पाणी तेच. त्या धुण्याचा मला अभिमान होता.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी मी सुई सोडली होती. बबनची सुटली नव्हती. त्याच्या दंडाला गळू झालं म्हणून दवाखान्यात गेलो, तिथे डॉक्टरांनी त्याच्याबरोबर माझंही रक्त घेतलं.

निकाल कळल्यावर परतताना रिक्षात मी बबनपासून थोडा सरकून बसलो. मलाही तोच आजार होता, तरी सरकलो. मनात म्हटलं, मी सोडलीय, हा अजून घेतो. बबनच्या ते लक्षात आलं. बाहेर बघत म्हणाला, "बस मास्तर, ऐसपैस बस. जागा भरपूर हाय."

हे एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तांबडी अक्षरं

रोजच्या ड्रेसिंगने भागलं नाही, म्हणून गळू चिरायला बबनला वॉर्डात ठेवलं. सहाला झाडू, सातला चहा, नवाला डॉक्टरांची फेरी. त्याची खाट शेवटची, संडासाच्या दाराशी. खाटेच्या दांडीला त्याचा केसपेपर लटकवलेला आणि त्यावर तांबड्या शाईत आजाराचं नाव. इतकं मोठं की मधल्या खाटेवरूनही वाचता यावं. ड्रेसिंग करणारा लांबून कापूस टाकायचा आणि म्हणायचा, "तूच पूस." एक आया मात्र दुपारी सगळं शांत झालं की यायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. का करते ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. बबन तिला "मावशे, जरा हळू" म्हणायचा आणि ती "पोरींसारखा ओरडतोस" म्हणून आणखी घट्ट बांधायची.

मी घरी सांगितलं होतं की मित्राला गळू झालंय. माझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आईला वाटे मला कावीळ होऊन गेली, म्हणून खंगलोय. ती उसाचा रस आणून ठेवायची. मी प्यायचो.

चौथ्या दिवशी बबनच्या कारखान्यातला एक कामगार आपल्या मेव्हण्याला बघायला त्याच वॉर्डात आला. त्याला वाचता येत होतं.

बबन दवाखान्यातून सुटून कामावर गेला तेव्हा जगन मुकादमाने त्याला दारातच थांबवलं. बबनचे धोटे बाहेर काढून गटाराच्या कडेला जाळले होते.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि सुताचं टोक कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढतात. बोटांनी ते पटकन जमत नाही. म्हणून कारागीर भोकाला ओठ लावतो आणि सूत तोंडाने ओढून घेतो. कांडी संपली की पुन्हा. दिवसभर हेच. पाळी बदलली की रातपाळीचा जोडीदार तेच धोटे, तीच भोकं तोंडाला लावतो.

बबनकडे चार माग होते. ते चारही बंद पडले. त्यांना हात लावायला कोणी तयार नव्हतं. त्याचे रातपाळीचे जोडीदार इसरारचाचा, ज्यांचं तोंड दोन वर्षं बबनच्या मागोमाग त्या धोट्यांना लागलं होतं, ते ही बातमी ऐकून मागापासून दूर झाले आणि कोणाशी न बोलता निघून गेले.

"किताब लिखनेवाले ने"

इसरारचाचा आजमगढकडचे, पन्नाशीचे, जिभेने तिखट. वाचनालयात ते आले तेव्हा चपला हातात होत्या. देवळात-मशिदीत येतात तसे. टेबलापाशी उभे राहून त्यांनी आवाज खाली आणला.

"बबन का दोस्त तू ही है ना? पढ़ा-लिखा?"

"हो."

"तो बता. वो बीमारी थूक से होती है क्या?"

"नाही चाचा. जूठ्याने नाही, थुंकीने नाही. रक्ताने होते."

"किताब में लिखा है या तू बोल रहा है?"

"किताब में लिखा है."

"किताब लिखनेवाले ने धोटा चूसा है कभी?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

ते दोन दिवस भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, गेले नव्हते. कोणी हाकललं नव्हतं. स्वतःच गेले नव्हते. "मेरे से किसी को हो गया तो?" आणि मग चपलांकडे बघत म्हणाले, "ईद पे गाँव जाके आया हूँ. बीवी है वहाँ."

मी त्यांना ठाण्याला घेऊन जायचं ठरवलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात तपासणी व्हायची, आणि रुग्णांशी बोलायला एक बाई असायच्या. निकालानंतर मी एकटा तिथे जाऊन आलो होतो, तेव्हा त्यांच्याकडेच मला नीट समजलं होतं की या आजाराने माणूस लगेच मरत नाही.

एसटीत तीन माणसांच्या सीटवर आम्ही दोघं आणि कडेला टोपली घेतलेली एक बाई. अर्ध्या वाटेवर चाचांनी विचारलं, "तेरे को इतना सब कैसे मालूम?"

पुस्तकातून, असं म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते मराठीतच पडलं. "मलाही आहे, चाचा."

दवाखान्याबाहेर ते मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. आई-अण्णांना नाही, तर आठवड्यापूर्वी ओळख नसलेल्या माणसाला! चाचा सरकले नाहीत. सरकायला जागाच नव्हती, हेही खरं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तू भी सुई?"

"मैं भी."

"लानत है," ते म्हणाले. आणि ठाणं आल्यावर, "शकल से तो मास्टर लगता है."

आठ दिवस

निकाल पुढच्या आठवड्यात मिळणार होता.

त्या आठ दिवसांत मी काय काय विचार केले! थुंकीने होत नाही हे मला पाठ होतं. पण चाचांना दुसऱ्याच कशाने झालेला असला तर? माणसाच्या आयुष्यात काय काय असतं, कोणाला ठाऊक. आणि तसं निघालं तर कारखान्यात त्याचा अर्थ एकच लागला असता: धोट्याने झाला, बबनने दिला. मग बबनला नारपोलीतच काय, भिवंडीतल्या कोणत्याही मागावर कोणी उभं केलं नसतं. आणि काम गेलं की बबन त्या गोदामात परत जाणार, रोज, दिवसभर, हे मला माझ्या हातावरच्या व्रणांइतकं स्पष्ट दिसत होतं. बबनचं सगळं आता इसरारचाचांच्या रक्ताच्या एका बाटलीत होतं.

ठाण्याला बाईंनी चाचांना आत घेतलं आणि दार लावलं. बाहेर भिंतीवर एक चित्र होतं, त्याखालच्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या सांगता येणार नाही. दार उघडलं. चाचांचा चेहरा रागाने लाल होता. मी उठून पुढे गेलो.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ."

"म्हणजे?"

"अरे बहरा है क्या! कुछ नहीं है मेरे को!"

आतून बाई हसत होत्या. चाचा रागावले होते ते आठ दिवस फुकट उपाशी राहिलो म्हणून! खाली उतरून त्यांनी दोन मिसळी मागवल्या, दोन्ही स्वतःच खाल्ल्या, आणि मग माझ्यासाठी तिसरी मागवली. मी चमचा बशीवर वाजवत होतो. मी ओरडणार होतो की नाचणार होतो, मलाच कळत नव्हतं. हॉटेलातली माणसं बघत होती.

चाचा तोंड पुसत म्हणाले, "दो साल. रोज. कितनी बार हुआ रे?"

मी मनात हिशेब मांडू लागलो.

"छोड़. बहुत बार हुआ. अब तेरी किताब की जरूरत नहीं. मैं ही जाके बोलता हूँ."

बबनची पडवी

बबन मात्र तयार होईना.

कामतघरला त्याच्या घरी तो पडवीत झोपायचा. ताट-तांब्या वेगळा. हे घरच्यांनी केलं नव्हतं. त्याच्या आईने तर, कशाला हे, म्हणून भांडण काढलं होतं, "कला रं असा करतंस?" त्याने ऐकलं नाही. भावाची चार वर्षांची पिंकी त्याच्याकडे धावत आली की तो हात पाठीमागे घ्यायचा. पोरीला तो खेळ वाटायचा.

मी चाचांचा निकाल सांगितला.

"चाचाला न्हाय झाला, बरा झाला. पन पुढं झाला तर? मी न्हाय आता धोटा तोंडाला लावनार."

"अरे होत नाही! दोन वर्षं झाला नाही!"

"मास्तर, माझ्यात काय हाय ता मना म्हायती हाय."

मुकादमाने त्याला हाकललं होतं ते दारातून. आतून त्याने स्वतःच स्वतःला हाकललं होतं. सुईवाला म्हणून लोक थुंकत होते आणि तोही त्यांच्यात सामील झाला होता. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो, तेव्हा तो एकदम उसळला.

"आनि तू? तू गपचूप पुस्तकां वाटतंस. माझा नाव गावभर झाला. तुझा कुनाला म्हायती न्हाय."

खरं होतं.

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

"कुठं?"

"तुझ्या कारखान्यात. सगळ्यांसमोर."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा हसला. "मास्तर बोलनार, तर मी बघाया येतंय."

मेन स्विच

सकाळी सात. पाळी बदलायची वेळ, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं आत. चाळीस-बेचाळीस माग एकदम चालले की माणसाला शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. बबनचे चार तेवढे भिंतीकडे गप्प उभे, वर कापसाचा भुगा साचलेला. मी दारात, बबन माझ्या मागे. जगन मुकादम हात आडवा करून काहीतरी ओरडत होता, ऐकू येत नव्हतं.

चाचा सरळ मेन स्विचकडे गेले. त्या खटक्याला मुकादमाशिवाय कोणी हात लावत नाही, लावला तर कामावरून गेलाच. चाचांनी तो खाली ओढला.

माग अडखळत एकामागून एक थांबले. इतकी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती.

"कौन है बे?" कोणीतरी ओरडलं.

"मैं हूँ. इसरार. सब इधर आओ." चाचांनी कागद डोक्यावर धरला. "ये सरकारी कागज है. मेरे खून का. पढ़ रे मास्टर."

मी पुढे गेलो, वाचला. माझा आवाज बारीक आहे, पण त्या शांततेत पुरला. चाचांना आजार नाही, असं त्यात होतं.

"दो साल इसका जूठा धोटा चूसा मैंने," चाचा म्हणाले. "तुम लोगों ने जलाया. जलाना था तो मेरा मुँह जलाते."

एक हसला. दुसऱ्याने विचारलं, "आनि हा वाचणारा कोण?"

हीच ती वेळ. छाती अशी उडत होती, जशी शाळेत पहिला नंबर पुकारताना उडते. मी म्हणालो, "मी सुधीर. बबनचा मित्र. मीही सुई घ्यायचो. बबनला पहिली सुई मीच दिली. मलाही हा आजार आहे."

मग मागून आवाज आला, "आयला, किताबवाला पण गर्दुल्ला निघाला!"

आणि कारखाना हसला! सगळा! मीही हसलो. जो शब्द ऐकू नये म्हणून मी इतकी वर्षं जपून चाललो होतो, तो सगळ्यांसमोर पडला आणि मी उभाच होतो.

चाचांनी नवा धोटा घेतला, कांडी बसवली आणि बबनसमोर धरला. बबनने तो घेतला. तोंडाजवळ नेला. थांबला.

"चाचा, नको."

"चूस बे! दो साल चूसता था तब पूछा था मेरे से?"

पुन्हा हशा. बबनने भोकाला ओठ लावले आणि ओढलं. सूत आलं. चाचांनी धोटा हिसकून घेतला, सूत परत आत ढकललं, न पुसता त्याच भोकाला ओठ लावले आणि ओढलं. सूत आलं. दोन बोटांत धरून त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं, जणू त्या पांढऱ्या सुतावर काही लिहिलेलं होतं. मग धोटा पहिल्या बंद मागात ठेवला.

सगळे जगनकडे बघू लागले. तो काही वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, आमच्याइतकाच.

"शेठला मी काय सांगू?"

"बोल, चार लूम चालू हो गए."

जगनने मान खाजवली. म्हणाला, "आधी दोन. हात बरा होऊ दे त्याचा." आणि स्वतः जाऊन खटका वर केला.

तो आवाज! सगळे माग एकदम! बबन दोन मागांच्या मध्ये उभा होता आणि मोठमोठ्याने माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होता. काय ते मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "शिव्या देत होतो."

दोन कामगार त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात गेले. बाकीचे राहिले. महिन्याभराने चारही माग बबनकडे आले. आणि त्या पहिल्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने पिंकीला उचललं. हे मला त्याच्या आईने सांगितलं. तो असल्या गोष्टी सांगत नसे.

ठाण्याच्या बाईंना हे सगळं मी धापा टाकत सांगितलं. त्या खूश झाल्या आणि लगेच रागावल्याही. तोंडाने सूत ओढणं मुळातच वाईट, भुगा छातीत जातो, आणि एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की बाकीचे आजार थोडेच थांबतात? त्यांनी बबनला छातीचा फोटो काढायला लावला, तो चांगला निघाला, आणि सूत ओढायला तारेचा आकडा वापरायला सांगितलं. बबन तेव्हापासून आकडा वापरू लागला. चाचांनी तो आकडा दात कोरायला ठेवला.

घर

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई ओट्याशी पाठ करून उभी. माझं ताट-वाटी-पेला कोपऱ्यातल्या फडताळात वेगळं ठेवलेलं दिसलं. ती कोणाशीही, माझ्याशी तर नाहीच, बोलली नाही.

अण्णा निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांनी मला समोर बसवलं. मला वाटलं आता घराबाहेर काढतील. ते म्हणाले, "तुझ्याजवळ जी माहितीपुस्तिका आहे ती वाच. मोठ्याने."

मी वाचली. मध्ये मध्ये थांबवून ते प्रश्न विचारत, परीक्षा घेतल्यासारखे. "डासाने?" नाही. "एका ताटात?" नाही. "घाम?" नाही. "पुन्हा वाच ते." पूर्ण झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे न बघता म्हणाले, "ऐकलंत का?"

दोन दिवस ताट वेगळंच राहिलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर माझ्यापुढे अण्णांचं ताट होतं आणि अण्णांपुढे माझं. आईने वाढता वाढता डोळे पुसले आणि मला म्हणाली, "कावीळ म्हणून किती उसाचा रस आणला मी! लाज नाही वाटली प्यायला?"

त्या बोलण्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर कोणत्याही गोळीने वाटलेलं नाही.

अण्णा माझ्याशी सुईबद्दल कधी बोलले नाहीत. एकदाच, फाटक लावताना, म्हणाले, "माझं लक्ष कमी पडलं." मी नाही म्हणालो. त्यांना पटलं नाही.

रविवार

कारखान्यातल्या त्या सकाळनंतर पंधरा दिवसांत वाचनालयात अशी माणसं येऊ लागली ज्यांना पुस्तक नको होतं. एकजण कपाटापाशी तासभर एकच पुस्तक उलटं धरून उभा राहिला. शेवटी मीच जवळ गेलो. तो हळूच म्हणाला, "तपासतात ते कुठं?"

वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षांना मी सगळं सांगितलं आणि रविवारी मागची खोली मागितली. त्यांनी दोन दिवस घेतले आणि किल्ली दिली.

आधी पाचजण आलो. आपल्यात तरी भेद नसेल, असं मला वाटलं होतं. किती भाबडा होतो! प्रत्येकजण आधी हेच सांगे की मी दुसऱ्यांसारखा नाही. एक म्हणे, मी फक्त काही महिनेच घेतली. एक म्हणे, मी गर्दुल्ल्यांबरोबर बसत नसे. ज्यांनी सोडली होती ते, न सोडलेल्यांपासून दोन खुर्च्या दूर. रिक्षातला मी मला तिथे पाच वेळा दिसला.

मी नियम लिहून आणले होते. पहिलाच होता, सुई सोडलेल्यांनीच यावं. बबनने कागद माझ्याकडून घेतला, वाचला.

"मास्तर, मी परवा घेतली. मी जाऊ?"

मी कागद परत घेतला. तोच पुढे म्हणाला,

"सुटली तं चांगलाच हाय. न सुटलेला पन मरतो ना? त्याला कोन सांगल, दुसऱ्याची नको घेऊ म्हनून?"

मी कागद फाडला. त्याच्या जागी बबनचा नियम लागला: जो घेतो त्यानेही यायचं, फक्त आपली सुई आपली. ठाण्याच्या बाई महिन्यातून एकदा येत, गळू दिसलं की लगेच दाखवायला लावत, आणि ज्याला सोडायची असेल त्याच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रात जागा शोधत. खोलीत अजून एक नियम आपोआप झाला. "मी फक्त काही महिनेच" असं कोणी म्हणालं की सगळे एकसुरात म्हणत, "वा, वा!" मग तो हसे आणि खरं सांगे.

तुम्हाला नुकतंच कळलं असेल आणि तुमच्या हातावर आमच्यासारखे व्रण असतील, तर मी एवढंच सांगेन. तुमच्यासारखं कोणीतरी शोधा आणि त्याच्या शेजारी बसा. दोन खुर्च्या सोडून नव्हे.

बबन

त्या सकाळनंतर बबन दीड वर्ष जगला. त्यातले चौदा महिने मागावर होता. सुई तीनदा सोडली, दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली.

मग जुलाब, ताप, घटतं वजन. औषधं होती ती घेतली. नव्या औषधांबद्दल आम्ही वर्तमानपत्रात वाचत होतो, पण ती आमच्या गावापर्यंत आली नव्हती. शेवटचे दिवस तो घरातच होता, पडवीत नाही, मधल्या खोलीत. रविवारची माणसं पाळीपाळीने जायची. चाचा कामावरून सुटले की यायचे आणि मागाची गाऱ्हाणी सांगायचे. नवा जोडीदार कसा आळशी आहे, सूत कसं तोडतो. बबन डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "त्याला कवा मारतंस?"

एका दुपारी मी त्याच्यापाशी बसलो होतो. बऱ्याच दिवसांपासून म्हणायचं होतं ते म्हटलं. "बबन, ती पहिली सुई मी दिली नसती तर..."

त्याने डोळे उघडले नाहीत. "मीच हात पुढं केला ना रं? हाताचा पन काय वाटा हाय का न्हाय?"

दोन दिवसांनी तो गेला. अंघोळ घालायला त्याचा भाऊ, मी आणि रविवारचे तिघे होतो. हातमोजे आणून दिले होते ते आम्ही घातले, बाईंनी सांगितलं होतं म्हणून. पण कोणी लांबून पाणी टाकलं नाही.

आता

बबनला जाऊन तीन वर्षं झाली. मला आजार आहेच. वजन एकोणपन्नास किलो. गेल्या वर्षी क्षय झाला होता, औषधं पूर्ण घेतली, बरा झालो. अण्णा गेले. आई आहे. तिच्या हातचं जेवतो. वाचनालय सकाळी आठला उघडतो.

रविवारी मागच्या खोलीत आता तेरा जण येतात. त्यांतल्या पाच जणांची सुई अजून सुटलेली नाही. तेही येतात, आणि आपापल्या नावाने येतात.